जुन्या गाडीला दुसऱ्या गाडीचे शॉकअप बसवताना या चुका टाळा

आमच्या घरची यामाहा आरएक्स 100 मोटारसायकल आधी आबांनी चालवली, आता मी चालवतो. या गाडीचं उत्पादन 1996 मध्ये थांबलं, त्यामुळे मागचे शॉकअप (खड्ड्यांचे धक्के झेलणारे स्प्रिंगचे दांडे) तेल गाळायला लागले तेव्हा लातूरहून दुसऱ्या एका वजनदार गाडीची जोडी आणली. वरची-खालची भोकं जुळली, म्हणून लगेच बसवून टाकली. दुसऱ्या दिवशी बियाण्याची बॅग घेऊन रानात गेलो, गाडी साइड स्टँडवर लावली आणि बॅग उतरवली. वजन जाताच मागची बाजू वर उचलली आणि गाडी काळ्या मातीत आडवी झाली. टाकीला पोचा पडला, आबा काही बोलले नाहीत, पण त्या पोच्यावरून बराच वेळ हात फिरवत राहिले.

शॉकअप जुन्यापेक्षा 20 मिमी लांब होते. तेवढंच मी मोजलं नव्हतं.

लांबी मोजायची ती वरच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंत, शॉकअप सुटा असताना. जुने दबून गेले असतील तर मापासाठी त्यांच्यावर विसंबू नका, मूळ माप शोधा. शॉकअप चिमट्यावर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्यावर, सहसा ॲक्सलच्या थोडा पुढे आणि तिरका बसतो, म्हणून तो 20 मिमीने वाढला की चाकाकडची उंची त्याहूनही जास्त वाढते. गाडी डबल स्टँडवर लावली तरी चाक जमिनीला टेकत असेल, तर दुखणं हेच आहे. मागची बाजू उचलली की पुढचा फोर्क उभा होतो, हँडल हलकं पडतं आणि खडीवर पुढचं चाक बिचकतं. हेडलाइटचा झोतही खाली येतो.

आखूड शॉकअपचा त्रास वेगळा. दोन माणसं बसली की टायर मडगार्डला घासतो. हे रस्त्यावर कळण्याआधी घरीच बघा. दोघांना मागे बसवा, जोर देऊन दाबायला सांगा आणि स्वतः खाली वाकून टायर, चेन कव्हर, सायलेन्सर यांच्यात किती जागा उरते ते पाहा. गॅसची डबी असलेले शॉकअप साइड पॅनलला लागतात. तेव्हा डबी घासू नका, ठोकू नका, खोलू तर मुळीच नका, आत दाबाखाली नायट्रोजन असतो.

बुशच्या, म्हणजे शॉकअपच्या भोकात बसणाऱ्या नळीच्या, बाबतीत सगळ्यात जास्त हलगर्जीपणा होतो. शॉकअप अडकवायची दांडी 10 मिमीची आणि बुशचं भोक 12 मिमीचं असेल तर पत्र्याची पट्टी गुंडाळून काम भागवतात. काही दिवसांत भोक अंडाकृती होतं आणि खड्ड्यात ‘खट्’ असा आवाज येऊ लागतो. लेथवाल्याकडून नेमक्या मापाची स्टीलची नळी करून घ्या, खर्च फारसा येत नाही. रुंदीतला फरक वायसरने भरा, पण दोन्ही बाजूंना सारखा. नट आवळल्यावर शॉकअप समोरून सरळ दिसला पाहिजे. तिरपा ओढला गेला तर रॉड घासून सील जातं.

गाडी दगडासारखी कडक लागते, अशी तक्रार बहुतेक जण करतात आणि हुक पान्याने स्प्रिंग दाबणाऱ्या कड्याच्या खाचा कमी करत बसतात. खाचेने फक्त बसण्याची उंची बदलते, स्प्रिंगचा ताठपणा तोच राहतो. वजनदार गाडीची स्प्रिंग हलक्या गाडीला कडकच लागणार. त्यावर स्प्रिंग बदलणं हाच उपाय आहे. खाच मात्र दोन्हीकडे एकच ठेवा, आणि एकच शॉकअप बदलून दुसरा जुना ठेवण्याचा मोह टाळा.

चेन पुन्हा ताणा. चिमट्याचा कोन बदलला की जुना ढिलेपणा चुकीचा ठरतो. पुढची गरारी, चिमटा ज्यावर फिरतो ती दांडी आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात तिथे चेन सर्वात ताठ असते. गाडी दाबून त्या जागी आणा आणि तेव्हाही थोडी ढील राहते का ते बघा.

शंभरेक किलोमीटर झाल्यावर चारही नट पुन्हा आवळा आणि चिमट्यावर, चेन कव्हरवर चकाकणारी घासल्याची खूण शोधा. माझ्या गाडीला ती डाव्या बाजूला, चेन कव्हरच्या आत सापडली होती.