जुन्या मॅसीचे ब्रेक: आधी तेल कुठून येतं ते शोधा, मग घाण काढा

जुन्या ट्रॅक्टरचा ब्रेक घसरतो म्हटलं की चावडीवर सल्ला तयारच असतो: "डिझेलने धुवा, कंप्रेसरची हवा मारा, झालं." या दोन्ही गोष्टी करू नका. का, ते पुढे येईलच.

इथे जे लिहिलं आहे ते मॅसी फर्ग्युसन ३५ आणि त्या घराण्यातल्या जुन्या ट्रॅक्टरांसाठी, म्हणजे मागच्या चाकाआड १४ इंची कोरडा ड्रम (चाकासोबत फिरणारं ब्रेकचं लोखंडी भांडं) असतो त्यांच्यासाठी. ब्रेक तेलात बुडालेले असतील तर प्रकरणच वेगळं.

आमच्या नागपूर भागातल्या उमरेड-काटोलकडची काळी माती उन्हाळ्यात एक्सलवर विटेसारखी घट्ट बसते. ती छिन्नीने फोडत बसू नका. आदल्या संध्याकाळी ओलं पोतं गुंडाळून ठेवा, सकाळी लाकडी पट्टीने खरवडा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने हे काम करून घेऊ नका. त्या जोरात चिखल सील (एक्सलभोवती तेल अडवणारी रबरी कडी) ओलांडून आत जातो आणि बाहेरची घाण बेअरिंगपर्यंत पोहोचते.

जॅकखाली जाड फळी हवी, नाहीतर तो या जमिनीत रुततो. टायरमध्ये पाणी भरलेलं असेल तर चाक एकट्याने उतरवू नका. चाक निघालं की आधी ब्रेकचं अ‍ॅडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर कमी-जास्त करणारा भाग) पूर्ण ढिलं करा, मग ड्रमचे स्क्रू काढा. झिजलेल्या ड्रमच्या आतल्या काठाला कंगोरा तयार होतो आणि शू (ब्रेक मारला की ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानी) त्यात अडकतात. अ‍ॅडजस्टर ढिलं न करता ड्रमवर घण घालणाऱ्यांनी किती ड्रम तडकवले असतील! बीड म्हणजे ओतीव लोखंड आहे ते, लवत नाही. गंजाने धरलं असेल तर हबच्या कडेला तेल सोडून थांबा आणि लाकडी हातोड्याने फिरवत फिरवत ठोका.

ड्रम निघाला, आता हात आवरा. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थरात, अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. ती काळी भुकटी हवेने उडवली की थेट छातीत जाते, आणि शेजारी उभ्या असलेल्या पोराच्याही. फवाऱ्याच्या बाटलीत साबणाचं पाणी घ्या, सगळं भिजवा, खाली घमेलं ठेवा, ओल्या फडक्याने पुसा आणि ती फडकी पिशवीत बांधून टाका. तोंडावरचा गमछा या धुळीला अडवत नाही, चांगला मास्क लावा.

आता खरी गोष्ट. पुसण्याआधी ती घाण बोटाने चोळून पाहा. मला सगळ्यात जास्त छळलं ते याच टप्प्याने, कारण स्वच्छ केलेला ब्रेक महिन्याभरात पुन्हा घसरायचा. घाण कोरडी आणि काळी असेल तर ती लायनरची झीज आहे, काळजी नाही. भुरकट, मातकट असेल तर बाहेरून चिखल येतोय. पण चिकट, ओली, खळीसारखी लागली तर एक्सलचं ऑइल सील गेलंय. मग कितीही धुवा, तेल परत येणारच. नवं सील बसवण्याआधी आणखी दोन गोष्टी बघा: मागच्या पेटीत ऑइल खुणेच्या वर भरलंय का, आणि ब्रीदर, म्हणजे पेटीतली हवा बाहेर सोडणारं भोक, मातीने बुजलाय का. ब्रीदर बुजला की आत दाब वाढतो आणि ऑइल जिथून वाट मिळेल तिथून बाहेर पडतं. हे न बघता बसवलेलं सीलही टिकत नाही. एक्सलवर जिथे सीलची कड फिरते तिथे नखाला लागेल अशी खाच असेल, तर नुसतं सील बदलून भागणार नाही, लेथवाल्याला दाखवा.

तेल प्यायलेल्या लायनरवर माझं मत ठाम आहे: बदला. काही मिस्त्री पेट्रोल टाकून पेटवतात, काही टॉर्च मारतात. वरचं तेल जळतं, सोबत लायनर बांधून ठेवणारा रेझिनही जळतो आणि आतलं तेल तसंच राहतं. शंका असेल तर लायनर ब्रेक क्लीनरने पुसून मे महिन्याच्या दुपारी उन्हात ठेवा. नागपूरचं ऊन फुकट आहे, त्याचा तेवढा तरी उपयोग करा. संध्याकाळी पुन्हा काळे डाग वर आले तर तो लायनर गेला. आणि बदलायचा तर दोन्ही चाकांचा. एका बाजूचा नवा, दुसऱ्या बाजूचा जुना असं केलं तर रस्त्यावर ब्रेक मारताच ट्रॅक्टर एका अंगाला ओढेल, मागे ट्रॉली असेल तर बघायलाच नको.

लायनर तेलकट नसून नुसता चकचकीत झाला असेल तर ओल्या ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक घालवा, तेवढं पुरे. लायनर रिव्हेटच्या डोक्याजवळ आला असेल तर तोही बदला.

डिझेल वापरायचंच असेल तर शू काढून ठेवल्यावर, फक्त बॅकप्लेट (शू जिच्यावर बसतात ती मागची पत्र्याची थाळी) आणि स्प्रिंगांवर, आणि नंतर साबणाच्या पाण्याने धुवायचं. लायनर आणि ड्रमच्या आतल्या बाजूला डिझेल नको, त्याचा तेलकट थर मागे राहतो. ड्रम आतून थिनरने पुसा. पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत. जवळ विडी नको, हे सांगायला लागू नये.

कॅमला (शू फाकवणारा भाग) आणि पिनांना उष्णता सोसणारं ग्रीस बोटाच्या टोकावर मावेल एवढंच. जोडणी उलट क्रमाने.

अ‍ॅडजस्टर शू घासेपर्यंत आवळा, मग चाक हाताने मोकळं फिरेल इतका मागे घ्या. दोन्ही बाजूंना सारखा. मोकळ्या शेतात हळू गतीत आधी डाव्या-उजव्या चाकाचे दोन्ही ब्रेक पेडल वेगवेगळे दाबून पाहा, मग जोडून. डांबरी रस्त्यावर निघताना दोन्ही पेडल जोडणारी कडी लावलेलीच हवी. आणि पहिल्या वखरणीनंतर ड्रमच्या खालच्या काठावरून बोट फिरवा. ओलं लागलं तर चाक पुन्हा उतरवायची तयारी ठेवा.