मस्टँग म्हणजे नक्की कुठला? ओळखायचं कसं

मस्टँग शब्द दिसला की आधी आजूबाजूचे शब्द बघा, नाहीतर माझ्यासारखं होतं, मी घोड्याचे फोटो शोधत होतो आणि स्क्रीनभर नुसत्या गाड्या.

मूळ शब्द स्पॅनिश, मेस्तेन्यो, म्हणजे मालक नसलेलं, भटकं जनावर. स्पॅनिश लोकांनी अमेरिकेत नेलेले घोडे सुटले, मोकाट झाले, त्यांचीच ही पिलावळ, म्हणून याला जंगली म्हणतात खरं पण तो मोकाटच जास्त. नेवाडा, वायोमिंग ही अमेरिकेतली राज्यं, कळप, १९७१ चा संरक्षण कायदा असं काही आलं की समजा घोडा. फोटोत मानेच्या डाव्या बाजूला पांढऱ्या खुणांची ओळ दिसली तर तो सरकारने पकडलेला, गोठवून उमटवलेला नंबर असतो तो.

इंजिन, हॉर्सपॉवर, १९६४ असं असेल तर फोर्डची गाडी. गाडीच्या पुढच्या जाळीवरचा घोडा डावीकडे पळतोय का तेवढं बघा. आणि पी-५१, मर्लिन इंजिन, दुसरं महायुद्ध आलं की लढाऊ विमान, ज्याची पहिली ऑर्डर गंमत म्हणजे ब्रिटिशांनी दिली होती.

आता आपल्याकडची गडबड. काकू म्हणाल्या मुक्तिनाथला जाताना मुस्तांग लागतं, तर तिथे घोडा शोधू नका 😄 तो नेपाळचा जिल्हा, नाव तिथल्या लो मानथांग या जुन्या राजधानीवरून आलंय, स्पॅनिशशी काडीचा संबंध नाही. इंग्रजी स्पेलिंग मात्र सेम टू सेम, त्यामुळे शोधताना पुढे नेपाळ टाकाच.