जुन्या मस्टँगला हलकी चाकं बसवताना या चुका टाळा

चार चाकं स्वस्तात मिळतायत म्हणून मी ओहायोतल्या टोलेडोच्या पलीकडे गाडी हाकत गेलो. २००९ च्या मस्टँग जीटीवरून काढलेली, १७ इंची, ॲल्युमिनियमची, एकावरही ओरखडा नाही. माझी गाडी १९६७ ची फोर्ड मस्टँग, २८९ घन इंचांचं व्ही-एट इंजिन. दोन्ही मस्टँग, दोन्हींना पाच नट, नटांचं वर्तुळही तेच साडेचार इंचांचं. आणखी काय हवं? घरी आल्या आल्या पुढचं चाक चढवलं, नट आवळले आणि हाताने फिरवून पाहिलं. चाक जागचं हलेना. रिमची आतली कड स्टिअरिंगच्या टाय रॉडला जाऊन भिडली होती.

डेट्रॉइटच्या आसपास मराठी माणसं भरपूर, आणि त्यातली बरीचशी मोटारधंद्यातली. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक, भरते, १९९५ पासून. रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून कमारो, चेव्हेल, चार्जर बघता बघता एखाद्याला खाज सुटते आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या गराजमध्ये एक जुनं धूड येऊन उभं राहतं. मग पहिला खर्च चाकांवर होतो. पहिली चूकही तिथेच होते.

नट बसले म्हणजे चाक बसलं, हा गैरसमज

साठच्या दशकातल्या चाकात हबला (चाक ज्यावर आवळतात त्या गाडीच्या भागाला) टेकणारा भाग रिमच्या जवळजवळ मध्यावर असायचा, म्हणजे ऑफसेट (मध्यापासूनचं अंतर) शून्याच्या आसपास. आजच्या गाड्यांत तो बाहेरच्या बाजूला सरकलेला असतो, म्हणून चाकाचा बराचसा भाग आत जातो. हा फरक ओळखायला बॅकस्पेसिंग मोजायचं. चाक पालथं ठेवा, आतल्या कडेवर सरळ पट्टी आडवी टाका आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या भागापर्यंतचं अंतर घ्या. एवढंच.

विकणारा फक्त ऑफसेट सांगत असेल तर हिशेब करता येतो. चाकाच्या रुंदीत एक इंच मिळवा, कारण रिमच्या दोन्ही कडांची जाडी त्या आकड्यात धरलेली नसते. त्याचं निम्मं करा आणि त्यात ऑफसेट इंचात करून मिळवा. ८ इंची चाकाचा ऑफसेट शून्य असेल तर बॅकस्पेसिंग साडेचार इंच. तेच चाक ४५ मिलिमीटर ऑफसेटचं असेल तर सव्वासहा इंच. जुन्या मस्टँगला साधारण चार ते पावणेपाच इंच झेपतात. माझी दीड-दोन इंचांची चूक ही अशी झाली.

मोजमाप दोन्ही बाजूंनी घ्या. पन्नास-साठ वर्षांत गाडीने किती ठोकरा खाल्ल्या असतील देव जाणे. डावीकडे बोटभर जागा असते आणि उजवीकडे नखभर. मागे आतल्या बाजूला पाट्यापासून अंतर बघायचं (हो, आपल्या ट्रकला असतात तेच पाटे या गाड्यांनाही असतात) आणि बाहेर फेंडरच्या दुमडलेल्या कडेपासून. पुढे स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघायचं, आणि तेही गाडीचं वजन चाकांवर असताना. जॅकवर लोंबकळणारं चाक खोटं बोलतं.

आता नटांच्या वर्तुळाचं थोडं, कारण स्वस्त चाकांचा शोध इथूनच सुरू होतो. जुन्या व्ही-एट मस्टँगला साडेचार इंच, पण त्याच काळातल्या सहा सिलिंडरच्या मस्टँगला चारच नट. कमारो, चेव्हेल, नोव्हा यांना पावणेपाच इंच. क्रायसलरच्या मोठ्या गाड्यांना साडेचार, पण १९७२ पर्यंतच्या डार्टसारख्या छोट्या गाड्यांना चार इंच. १९७९ ते १९९३ च्या मस्टँगची चाकं भंगारवाल्याकडे ढिगाने असतात, ती बहुतेक चार नटांची, त्यांच्याकडे बघूही नका. आणि कमारोवाल्यांसाठी मोठा सापळा म्हणजे २०१० नंतरची कमारो. तिचं वर्तुळ १२० मिलिमीटरचं, जुन्या कमारोचं १२०.६५. पाऊण मिलिमीटरहूनही कमी फरक, म्हणून नट बसतातही. पण वाकडे बसतात, आणि स्टडवर, म्हणजे नट ज्यावर फिरतो त्या आट्यांच्या दांड्यावर, सतत ताण राहतो. "चालतंय की" म्हणणारे भेटतील. त्यांच्या मागोमाग हायवेवर गाडी चालवू नका.

मग स्वस्तात मिळणार कुठे?

जुळणारं चाक दुसऱ्याच गाडीखाली सापडतं, हे मला उशिरा कळलं. नव्वदच्या दशकातल्या फोर्ड रेंजर आणि एक्सप्लोररची १५ इंची, ७ इंच रुंद ॲल्युमिनियमची चाकं घ्या. वर्तुळ साडेचारचं आणि बॅकस्पेसिंग साडेचारच्या जवळपास. जंकयार्डमध्ये त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, कारण ती दिसायला ट्रकची दिसतात. मधलं झाकण बदललं, घासूनपुसून करडा रंग मारला की ओळखूही येत नाहीत. कमारोवाल्यांना ऐंशीच्या दशकातल्या कमारो आयरॉक-झेडची १६ इंची, ८ इंच रुंद चाकं. त्यात पुढच्या चाकांचा ऑफसेट शून्य आणि मागच्यांचा १६ मिलिमीटर, तेव्हा चार चाकं घेताना दोन-दोन जोड्या ओळखून घ्या. शेवटी काहीही घेतलं तरी पट्टी लावून मोजूनच.

वजन डोळ्यांनी मोजणं

चमकतं ते हलकं, असं डोळ्यांना वाटतं. मॅग्नम ५०० हे चाक मस्टँग बॉस ३०२ सारख्या गाड्यांवर आलं, फार देखणं आहे, पण ते पोलादी पत्र्याचं. क्रॅगर एस/एस म्हणजे मधला भाग ॲल्युमिनियमचा आणि भोवतालची रिम क्रोम केलेल्या पोलादाची. म्हणजे वजन नेमकं बाहेरच्या कडेला, जिथे ते सगळ्यात जास्त जाचतं. आपल्याकडे पुण्या-मुंबईत कुठल्याही अलॉय चाकाला सरसकट मॅगव्हील म्हणतात. तो शब्द मॅग्नेशियमवरून आला. खरी मॅग्नेशियमची चाकं साठच्या दशकात शर्यतीत होती आणि खरोखर हलकी होती. आज कुणी अशी जुनी चाकं स्वस्तात देऊ केली तर हात जोडा. मॅग्नेशियम आतून गंजतं, बारीक तडे दिसत नाहीत, आणि तपासून घ्यायचा खर्च चाकांच्या किमतीवर जातो.

वजन करायला फार काही लागत नाही. अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी घरात बॅगा तोलायचा आकडेवाला काटा असतो, तेवीस किलोच्या धाकापायी घेतलेला. दोरीने चाक बांधा, काट्याला लटकवा, आकडा लिहून घ्या. माझ्या बायकोची अट एवढीच, की डिसेंबरच्या आधी काटा धुऊन जागेवर ठेवायचा.

पण नुसतं चाक तोलून भागत नाही, आणि बहुतेक लोक इथेच चुकतात. डिकीत ठेवलेला एक किलो फक्त पुढे सरकतो. चाकाच्या कडेचा एक किलो पुढे सरकतो आणि गरगरतोही. अगदी बाहेरच्या परिघावर असलेलं वजन वेग घेताना जवळपास दुप्पट भासतं. आणि अगदी बाहेर काय असतं? टायर. महागडं हलकं चाक घेऊन चाकामागे दीड-दोन किलो वाचवले आणि मग 'मागून भारी दिसते' म्हणून २७५ मिलिमीटर रुंदीचा जाडजूड टायर चढवला, की वाचवलेलं सगळं परत. टायर कंपन्या प्रत्येक मापाचं वजन देतात. चाक अधिक टायर अशी बेरीज करा आणि जुन्या जोडीशी ताडून पाहा. माझ्याकडे अशी एक वही आहे, तिच्यातल्या निम्म्या जोड्या नुसत्या बेरजेवर बाद झाल्या.

पुढे सायकलसारखी अरुंद चाकं लावून वजन वाचवणारेही आहेत. ती ड्रॅग स्ट्रिपवरची, सरळ रेषेतल्या शर्यतीची फॅशन. रस्त्यावर ब्रेक मारताना गाडीचा बराचसा भार पुढे येतो, तो त्या चिंचोळ्या टायरवर घालू नका.

टायर घेताना

जुन्या गाड्यांची मापं ६.९५-१४, ई७०-१४, एफ७०-१४ अशी असतात. एफ७०-१४ ला जवळचं आजचं माप २१५/७० आर १४, त्याची उंची सुमारे ६५७ मिलिमीटर. १७ इंचांवर जायचं तर २४५/४५ आर १७, ६५२ मिलिमीटर. उंची जवळपास तीच, म्हणून स्पीडोमीटरही फारसा खोटं बोलत नाही. उंची न बघता टायर घेतला तर आधी फेंडर घासतो आणि मग पोलीस थांबवतो.

१४ इंच ठेवायचे की १७? मन जुन्या मापाकडे ओढतं, पण खिसा बघा. १४ आणि १५ इंचांत उठावदार पांढऱ्या अक्षरांचे टायर मिळतात, बीएफगुडरिचच्या रेडियल टी/ए सारखे. दिसतात झकास, पण त्यांचा वेगदर्जा एस, म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत, आणि वळणावर पकड बेताची. चांगल्या पकडीचे टायर १७ इंचांत पुष्कळ मिळतात आणि स्पर्धेमुळे भावही बरे असतात. माझं मत विचाराल तर आठवड्यातून एकदा आइस्क्रीम खायला जाणाऱ्याने १५ वर खूश राहावं. घाटात नेणाऱ्याने, म्हणजे इथे टेनेसीतल्या डोंगरात, १७ घ्यावेत. मी पहिल्या प्रकारातला.

जुना टायर स्वस्तात घेणं ही मात्र अशी चूक आहे जी मी कुणालाच करू देणार नाही. या गाड्या वर्षाला पाचशे मैलही धावत नाहीत. नक्षी कोरी करकरीत दिसते आणि आतलं रबर वाळून गेलेलं असतं. टायरच्या बाजूवर डीओटी (अमेरिकी वाहतूक खात्याच्या) कोडच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा. कोड दिसत नसेल तर तो आतल्या बाजूला असतो, गाडीखाली वाकून बघा. दहा वर्षांपुढचा टायर फुकट मिळाला तरी नको. ट्रेलरवरून गाडी उतरवताना फुटला तर नशीब, नव्वदच्या वेगात फुटला तर फेंडरसकट जातो. आणि एका गाडीवर रेडियल (आजचे नेहमीचे टायर) आणि जुने बायस-प्लाय (आतले धागे तिरके असलेले) मिसळू नका, शेजारच्या आजोबांनी कितीही वर्षं चालवले असले तरी.

बसवल्यावर कुरकुर सुरू झाली तर

ताशी साठ मैलांच्या आसपास थरथर येते? स्टिअरिंग थरथरत असेल तर बहुधा पुढची चाकं, सीट थरथरत असेल तर मागची. बॅलन्सिंग पुन्हा करून घ्यायच्या आधी नट बघा. ॲल्युमिनियमच्या चाकांना कुठे शंकूचे नट लागतात, तर कुठे सरळ नळीचे वॉशरसह. पोलादी चाकांचे जुने नट तसेच वापरले तर चाक मध्यावर बसतच नाही. जुन्या क्रॅगरसारख्या काही चाकांची भोकं लंबवर्तुळाकार असतात, एकच चाक अनेक गाड्यांना चालावं म्हणून. त्यांना ठरावीक वॉशर लागतात, आणि वापरलेल्या सेटमध्ये नेमके तेच हरवलेले असतात. वॉशर नसतील तर सौदा सोडा.

चाक डिस्क ब्रेकला लागतंय का, हे आरे आतून दिसत नाहीत म्हणून कळत नाही. कणकेचा छोटा गोळा कॅलिपरला (डिस्कला चिमटीत धरणाऱ्या ब्रेकच्या भागाला) चिकटवा, चाक बसवून एक फेरा फिरवा आणि काढून बघा. चेपलेली कणीक तीन मिलिमीटरपेक्षा पातळ उरली असेल तर नाही जमणार.

जागा कमी पडली की लोक स्पेसर घालतात. पातळ चकतीने स्टडची लांबी खाल्ली जाते. अर्ध्या इंचाच्या, इंचाला वीस आट्यांच्या स्टडवर नट किमान दहा फेरे फिरायला हवा. कमी भरत असतील तर लांब स्टड टाका. स्टड बदलायचे नसतील तर चाक बदला.

क्रायसलरवाल्यांसाठी एक खास गोष्ट. १९७० पर्यंतच्या त्यांच्या बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूचे स्टड उलट्या आट्यांचे असतात, टोकावर एल कोरलेला असतो. मी एका मित्राच्या गराजमध्ये तीन स्टड तुटताना पाहिले. चौथ्याला त्याच्या वडिलांनी, नागपूरहून पाहुणे आले होते, शांतपणे विचारलं, "अरे, उलटीकडून फिरवून पाहिलंस का?"

गाडी रस्त्यावर भरकटत असेल, सारखी सावरावी लागत असेल, तर दोष चाकांचा नसेलही. या गाड्यांचं मूळ अलाइनमेंट बायस-प्लाय टायरसाठी होतं, कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागचा कल) शून्याच्या आसपास. रेडियलला दोन-तीन अंश जास्तीचा कॅस्टर मानवतो. अलाइनमेंटवाल्याला संगणकावरचे १९६७ चे आकडे वापरू देऊ नका, आपले आकडे कागदावर लिहून द्या. मस्टँगमध्ये वरचा कंट्रोल आर्म (पुढच्या चाकाला धरणारा वरचा दांडा) इंचभर खाली घ्यायची एक जुनी युक्ती आहे, फोर्डचे इंजिनिअर क्लाउस आर्निंग यांची. दोन्ही बाजूंना दोन-दोन भोकं पाडली की झालं, आणि वळणावर गाडीची वागणूक कोणत्याही चाकांपेक्षा जास्त सुधारते.

नट टॉर्क पान्यानेच (आवळायचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळा, चांदणीच्या क्रमाने, आणि पन्नास मैल चालवून झाल्यावर पुन्हा एकदा. नवीन ॲल्युमिनियम दबतं, नट सैल होतात. माझा पाना डिकीतच असतो, टोलेडोहून आणलेली ती चार चाकं अजून बेसमेंटमध्ये. २००५ नंतरची मस्टँग कुणाकडे असेल तर कळवा, एकावरही ओरखडा नाही.