दोन घरे आणि एक टीव्ही लायसन्स: काळजी घेणाऱ्यांनी या चुका टाळाव्यात

ब्रिटनमध्ये वृद्ध आईवडिलांची किंवा आजारी नातेवाइकाची काळजी घेणारे अनेक जण आठवड्याचे काही दिवस स्वतःच्या घरी आणि काही दिवस त्यांच्या घरी राहतात. टीव्ही लायसन्सच्या, म्हणजे थेट प्रक्षेपण पाहण्यासाठी वार्षिक शुल्क भरून घ्यायच्या परवान्याच्या बाबतीत त्यांच्याकडून होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकच असते. परवाना एखाद्याच्या नावाने निघत असला, तरी तो लागू होतो पत्त्याला. मुलीने लेस्टरच्या घरासाठी भरलेला परवाना आईच्या स्लाऊमधील टीव्हीला चालत नाही, आणि आईचा परवाना मुलीच्या घरी चालत नाही. दोन्ही घरी थेट प्रक्षेपण पाहिले जात असेल, तर परवानेही दोन लागतात. १ एप्रिल २०२५ रोजी हे शुल्क वर्षाला १७४.५० पौंड झाले. परवान्याविना पाहिल्यास इंग्लंडमध्ये १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

मोबाइलची सवलत चुकीची समजणे

स्वतःच्या घरी परवाना असलेल्या व्यक्तीला परवाना नसलेल्या घरीही मोबाइल, टॅब्लेट किंवा लॅपटॉपवर थेट कार्यक्रम पाहता येतो, मात्र ते उपकरण केवळ स्वतःच्या बॅटरीवर चालत असले पाहिजे. पाहता पाहता चार्जर भिंतीतल्या सॉकेटला लावला किंवा मोबाइलवरचे चित्र आईच्या टीव्हीवर आणले, की ही सवलत संपते. रात्रपाळीसारखे जागरण करणाऱ्यांच्या हातून हे नकळत घडते. आईच्या घरी परवाना असेल, तर हा प्रश्नच येत नाही.

‘आम्ही फक्त मराठी चॅनेल पाहतो’

हा गैरसमज आपल्या लोकांत बराच आढळतो. वाहिनी भारतातील असो वा ब्रिटनमधील, ती डिशवर, बॉक्सवर किंवा ॲपवर प्रक्षेपणाच्या वेळीच पाहिली किंवा रेकॉर्ड केली, तर परवाना लागतो. बीबीसी आयप्लेयर या ऑनलाइन सेवेवर जुना कार्यक्रम पाहण्यासाठीही १ सप्टेंबर २०१६ पासून तो आवश्यक आहे. नेटफ्लिक्सवरील मालिका किंवा यूट्यूबवर आधीच टाकलेला व्हिडिओ पाहण्यासाठी मात्र परवान्याची गरज नाही.

मोफत परवाना आणि पेन्शन क्रेडिट यांचा संबंध न पाहणे

दोन घरांत राहणाऱ्यांनी सर्वांत अधिक लक्ष इथे द्यावे, असे मला मनापासून वाटते. १ ऑगस्ट २०२० पासून केवळ पंच्याहत्तरी गाठली म्हणून परवाना मोफत मिळत नाही. त्या व्यक्तीला किंवा सोबत राहणाऱ्या जोडीदाराला पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्या वृद्धांना मिळणारी सरकारी मदत, मिळत असावे लागते, आणि परवाना ७५ किंवा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तीच्या नावाने, तिच्या मुख्य घरासाठीच असावा लागतो. त्या घरी राहणाऱ्या सर्वांना तो पुरतो, पण मुलीच्या दुसऱ्या घराला नाही. पेन्शन क्रेडिटची रक्कम अगदी किरकोळ असली तरी चालते, म्हणून ‘थोडेसेच मिळेल’ असे म्हणून अर्ज टाळू नये.

एकट्या राहणाऱ्या आणि अटेंडन्स अलाउन्स (देखभालीची गरज असलेल्या वृद्धांचा सरकारी भत्ता) मिळणाऱ्या आईला पेन्शन क्रेडिटमध्ये तीव्र अपंगत्वासाठी वाढीव रक्कम मिळू शकते. आठवड्याला किमान ३५ तास काळजी घेणाऱ्या मुलीला आईसाठी केअरर्स अलाउन्स (काळजी घेणाऱ्याचा सरकारी भत्ता) मिळू लागला, किंवा ती स्वतःचे घर सोडून आईकडे कायमची राहायला गेली, तर सर्वसाधारणपणे ही वाढीव रक्कम थांबते. आईचे पेन्शन क्रेडिट त्या वाढीव रकमेवरच टिकून असेल, तर ते पूर्ण बंद होऊन मोफत परवानाही जातो. त्यात दर आठवड्याच्या पैशाचे नुकसान परवान्यापेक्षा कितीतरी मोठे असते. केअरर्स अलाउन्सची फक्त पात्रता मान्य झाली असेल आणि मुलीच्या स्वतःच्या सरकारी पेन्शनमुळे रक्कम प्रत्यक्ष हाती पडत नसेल, तर वाढीव रक्कम थांबत नाही. म्हणून अर्ज करण्यापूर्वी दोघींचे उत्पन्न एकत्र मांडून पाहावे, मोफत सल्ला देणाऱ्या सिटिझन्स ॲडव्हाइससारख्या ठिकाणी ते तपासून घ्यावे, आणि मुक्कामाला जाणे व कायम राहणे यांतील फरक अर्जात जसा आहे तसाच लिहावा.

भारतातून आईवडिलांना कायमचे बोलावताना मुलांनी निर्वाहाचे हमीपत्र दिले असेल, तर साधारणपणे पहिली पाच वर्षे त्यांना पेन्शन क्रेडिट मागता येत नाही. त्या काळात परवान्याचे पैसे भरावेच लागतात. काही महिन्यांच्या भेटीसाठी आलेल्या पाहुण्यांना मात्र घरचा परवाना पुरतो.

आणखी काही चुका

मागच्या अंगणातील स्वतंत्र, स्वयंपूर्ण खोल्यांत राहणाऱ्या आजीआजोबांना मुख्य घराचा परवाना पुरेलच असे गृहीत धरू नये. अशा निवासाला सहसा वेगळा परवाना लागतो. दृष्टी अत्यंत क्षीण असल्याची अधिकृत नोंद झालेल्या व्यक्तीला शुल्कात ५० टक्के सूट मिळते, पण त्यासाठी परवाना तिच्याच नावाने हवा, काळजी घेणाऱ्याच्या नावाने नव्हे.

आई मुलीच्या घरी कायमची राहायला आली, की अनेक जण जुन्या घराचा डायरेक्ट डेबिट बँकेतून थांबवतात आणि काम झाले असे समजतात. त्याने परवाना रद्द होत नाही. तो परवाने देणाऱ्या टीव्ही लायसन्सिंग या यंत्रणेला कळवूनच रद्द करावा, आणि सशुल्क परवान्याचे पूर्ण महिने शिल्लक असतील तर परतावा मागावा. आई ७५ वर्षांची असून स्थलांतरानंतरही तिचे पेन्शन क्रेडिट चालू राहिले, तर मुलीच्या घरचा परवानाच आईच्या नावाने मोफत मिळू शकतो. तेव्हा मुलीनेही आधी भरलेल्या पैशांच्या परताव्यासाठी अर्ज करावा.