बाबांसाठी पोरांनी बनवलेली बाटलीतली कुंडी
फादर्स डे जूनच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे मुंबईत ऐन पावसाच्या तोंडावर, झाड लावायला टाइम मस्त. २ लिटरची कोल्ड्रिंकची बाटली मधोमध कापा (कटर मोठ्यांनीच धरायचा हां), झाकणाला भोक पाडून जुन्या सुती बनियनची पट्टी ओवा आणि वरचा भाग उलटा करून खालच्यात बसवा. वर माती-कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), खाली पाणी, पट्टीचं एक टोक मातीत एक पाण्यात, मग ओल आपोआप वर चढते आणि बाबा लोकलच्या घाईत पाणी घालायला विसरले तरी चालतं. भाजीवाल्याकडच्या पुदिन्याच्या जाड काड्या आधीच पाण्यात ठेवा, मुळं फुटली की लावा. खालचं पाणी दर आठवड्याला बदला, नाहीतर डासांची चंगळ! रंगकाम पोरांवर सोडा, ग्रिलला मात्र तारेने घट्ट बांधा.