बागेत उघडेल अशी मराठी साइट: माझी रोजची अवजारं

नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष रोपवाटिकेची साइट मी चालू करून दिली आणि चार दिवस बुकिंगचा एकही फॉर्म आला नाही. रोपवाटिकेच्या काकूंचा फोन आला, "अगं, लोक म्हणतायत नंबर चुकीचा आहे असं येतंय." मी नाशिकला इंदिरानगरात घरी बसून फॉर्म भरला, तो बिनबोभाट गेला. शेवटी दिंडोरीला गेले आणि एका बागायतदार काकांच्या शेजारी बसून त्यांना फॉर्म भरताना पाहिलं. त्यांच्या फोनवर मराठी कीबोर्ड होता. ते नंबर देवनागरी अंकांत लिहीत होते आणि माझा फॉर्म तो परत पाठवत होता.

जावास्क्रिप्टमध्ये अंक ओळखायला आपण सर्रास बॅकस्लॅश-डी लिहितो. ती खूण फक्त इंग्रजी अंक (0 ते 9) ओळखते, देवनागरी नऊ तिच्या लेखी अंकच नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एक छोटं फंक्शन असतं: आलेल्या मजकुरातला प्रत्येक देवनागरी अंक घ्यायचा, त्याच्या युनिकोड क्रमांकातून (कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेल्या आकड्यातून) देवनागरी शून्याचा क्रमांक वजा करायचा, उरतो तो इंग्रजी अंक. तपासणी त्यानंतर. फोनच्या रकान्याचा प्रकार 'टेल' ठेवा, म्हणजे अंकांचा कीपॅड उघडतो. पण नुसत्या त्यावर विसंबू नका, कारण लोक नंबर दुसरीकडून कॉपी करूनही चिकटवतात. आणि डेटाबेसमध्ये एकाच लिपीतले अंक जाऊ द्या, नाहीतर एकच माणूस दोनदा नोंदवला जातो.

माझं गिऱ्हाईक असंच आहे, दिंडोरी-निफाडचे बागायतदार, येवल्याचे पैठणी विणकर, पंचवटीतले लॉजवाले. त्यामुळे अवजार निवडताना मी दोनच प्रश्न विचारते. मराठी मजकूर यात शाबूत राहतो का? आणि बागेत उभ्या माणसाच्या फोनवर हे चालतं का?

एडिटर व्हीएस कोड. प्लगइन मोजकी ठेवा. प्रिटियर लावा आणि फाइल सेव्ह होताना कोड आपोआप नीट मांडला जाईल अशी सेटिंग करा, कोडमधल्या चुका दाखवणारं ईएसलिंट लावा, बाकी गरज पडेल तसं. कंसांच्या जोड्या रंगवणारं वेगळं प्लगइन अजून ठेवलं असेल तर काढून टाका, २०२१पासून ती सोय एडिटरमध्येच आहे.

कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटबद्दल एकच सांगते. फाइलचं नाव मराठीत असेल तर गिट स्टेटसमध्ये नावाच्या जागी आकड्यांची आणि बॅकस्लॅशची रांग दिसते. फाइल बिघडलेली नसते. गिट कॉन्फिगमध्ये 'कोअर डॉट कोटपाथ' बंद करा, नाव मराठीत दिसू लागेल. सर्व्हरवर जाणाऱ्या फाइलींची नावं मात्र मी रोमनच ठेवते.

आता अक्षरं. इथं घाई करू नका. पानाच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषा 'एमआर' लिहा. पान मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर त्यावरून उच्चार ठरवतो, आणि ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथं ल आणि श मराठी वळणाचे येतात. फॉन्ट मी बहुधा 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' घेते. त्याची सात वजनं आहेत, मी दोनच घेते, साधं आणि ठळक. प्रत्येक वजन ही आणखी एक फाइल असते आणि ती त्या काकांच्या डेटा पॅकमधून जाते. ओळींची उंची अक्षरांच्या आकाराच्या १.६ पटीखाली नेऊ नका, वेलांटी आणि उकार एकमेकांत घुसतात. अक्षरांमधलं अंतर वाढवणारी सीएसएसची ओळ तर मराठी मथळ्यावरून काढूनच टाका. इंग्रजी डिझाइनमधून ती आपसूक येते आणि शिरोरेघ तुटते. 'द्राक्ष महोत्सव' असा तुकड्यातुकड्यांत दिसला की मला खरंच वाईट वाटतं.

शोधपेटी असेल तर 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द टाकून बघा. हा ऱ्या दोन तऱ्हांनी लिहिला जातो: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला वेगळे. मजकूर एका तऱ्हेचा आणि शोध दुसऱ्या तऱ्हेचा असला की उत्तर येतं, 'काही सापडलं नाही'. एकच अक्षर वेगवेगळं लिहिलेलं असलं तर ते एकसारखं करणारं युनिकोडचं नॉर्मलाइझ इथं पुरत नाही, ते जोडचिन्ह तसंच सोडतं. म्हणून साठवताना आणि शोधताना, दोन्हीकडे, दुसरी तऱ्हा पहिलीत बदलून घ्या. एका ओळीचं काम आहे.

डीटीपीवाल्यांकडून आलेला जुना मजकूर युनिकोड नसेल तर पेस्ट केल्यावर भलतीच अक्षरं येतात. तो कन्व्हर्टरमधून काढा, पण नंतर मूळ छापील कागद शेजारी ठेवून शब्दन् शब्द वाचा. जोडाक्षरं आणि रफार हमखास हलतात.

तपासणीसाठी क्रोममध्ये एफ१२ दाबून नेटवर्कमध्ये वेग कमी करा, पानाचा वेग आणि दर्जा मोजणारं लाइटहाउस चालवा. पानाचा सगळ्यात मोठा भाग २.५ सेकंदांत दिसायला हवा. फोटो वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये बदला आणि प्रत्येकाची रुंदी-उंची लिहा, नाहीतर वाचता वाचता पान उडी मारतं. पण खरा फोन हातात घेतल्याशिवाय साइट देऊ नका. माझ्याकडे त्यासाठी एक जुना, कमी रॅमचा अँड्रॉइड आहे. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर पर्याय उघडतील. यूएसबी डीबगिंग चालू करा, केबल जोडा, क्रोमच्या इन्स्पेक्ट पानावर पोर्ट फॉरवर्डिंग लावा. कॉम्प्युटरवर चालणारी साइट फोनवर उघडते आणि फोनवरची चूक कॉम्प्युटरवर वाचता येते.

मग फोनचा कीबोर्ड मराठी करा, वायफाय बंद करा, घराबाहेर उन्हात उभ्या राहून पूर्ण फॉर्म भरा, नंबरासकट. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत नवी साइट द्यायची असेल तर हे मी दिंडोरीला जाऊनच करते, आणि फोन काकांच्या हातात देते.