एकाच नकाशावर दोन-दोन आकडे कसे दाखवायचे (क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, फुकटात)

साक्षरतेचा एक नकाशा आणि शेजारी सेक्स रेशोचा (हजार पुरुषांमागे किती बायका) दुसरा, असं चिकटवून दिलं की बघणारा नुसती मान डावी-उजवी करत बसतो, हाती काही लागत नाही. त्यापेक्षा दोन्ही एकावर एक चढवा.

मी महाराष्ट्राच्या जिल्ह्यांचा 2011 च्या जनगणनेचा डेटा घेतला, जुना आहे माहितीये, पण हात बसवायला मस्त. खरी डोकेदुखी रंगांची नाहीच, जॉइनची आहे, म्हणजे आकडे नकाशातल्या जिल्ह्यांना जोडायची. तेव्हा जिल्हे 35 होते, पालघर 2014 ला ठाण्यातून वेगळा झाला, म्हणजे आजची 36 वाली शेपफाइल (जिल्ह्यांच्या सीमांची फाइल) लावली तर पालघर कोरा राहणार आणि ठाण्यावर दोघांचा मिळून आकडा बसणार, म्हणून आधी ते दोन सिलेक्ट करून मर्ज करून टाका. आणि जॉइन नावावरून करायच्या फंदात पडू नका. जनगणनेत बीड इंग्रजीत 'बिड' आहे, रायगड 'रायगढ', शिवाय आता अहिल्यानगर, धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर. मी केलं होतं एकदा, अर्धा मराठवाडा गायब! जनगणनेचा जिल्हा कोड वापरा, नंदुरबार 497 पासून सांगली 531 पर्यंत. शेपफाइलमध्ये कोड नसेल तर हाताने भरा, पस्तीसच तर आहेत, चहा संपेपर्यंत होतात.

आता जिल्ह्यांचा लेयर, म्हणजे नकाशाचा थर, डुप्लिकेट करा. खालच्याला साक्षरता, सिम्बॉलॉजीत ग्रॅज्युएटेड, मोड इक्वल काउंट (प्रत्येक गटात साधारण सारखेच जिल्हे), क्लास म्हणजे गट 3, रंग जवळजवळ पांढऱ्यापासून निळ्यापर्यंत. वरच्याला सेक्स रेशो, बाकी सगळं तेच, फक्त रंग गुलाबी. मग वरच्या लेयरच्या लेयर रेंडरिंगमध्ये ब्लेंडिंग मोड मल्टिप्लाय करा, म्हणजे वरचा रंग खालच्यात मिसळतो, झालं, 3 गुणिले 3 असे 9 रंग आपोआप तयार. बॉर्डर एकाच लेयरला ठेवा नाहीतर रेघा दुप्पट काळ्या दिसतात. 4 क्लास करायचा मोह होईल, करू नका, 16 रंग कुणाच्याच डोक्यात राहत नाहीत.

बघा काय दिसतं. मुंबई शहर जिल्हा नुसता निळा, शिकलेला पण हजार पुरुषांमागे बायका 832. गडचिरोली आणि नंदुरबार नुसते गुलाबी, नंदुरबारची साक्षरता 64 टक्क्यांच्या आसपास पण रेशो राज्याच्या सरासरीच्या, म्हणजे 929 च्या, बराच वर. बीड फिकट, दोन्हीकडे मागे. सिंधुदुर्ग गडद जांभळा. रत्नागिरीत तर हजारी 1122 बायका, आणि ही काही प्रगतीची खूण नव्हे हं, चाकरमानी मुंबईला गेलेत म्हणून. मुंबईचा निळा आणि रत्नागिरीचा गुलाबी ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत, हे नकाशा एकत्र केल्यावरच डोळ्यात भरतं.

लेजंड, म्हणजे कुठल्या रंगाचा अर्थ काय ते सांगणारी चौकट, मात्र हाताने करावं लागतं, कारण सॉफ्टवेअर दोन वेगवेगळी देतं. प्रिंट लेआउटमध्ये 3 गुलाबी उभ्या पट्ट्या काढा, त्यावर 3 निळ्या आडव्या, निळ्यांना मल्टिप्लाय. कडेला बाण आणि 'साक्षरता जास्त', 'बायका जास्त' असं साध्या भाषेत लिहा, 'उच्च-निम्न' वगैरे नको.

तिसरा आकडा हवा असेल, समजा लोकसंख्या, तर त्याला रंग देऊ नका, वर्तुळ द्या. टक्केवारी आणि रेशो रंगाने, डोकी वर्तुळाने, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. फक्त वर्तुळाचा व्यास नाही, क्षेत्रफळ आकड्याच्या प्रमाणात हवं. तेव्हाचा ठाणे जिल्हा 1 कोटी 10 लाखांचा, सिंधुदुर्ग साडेआठ लाखांचा, म्हणजे 13 पट, पण व्यास साधारण 3.6 पटच येतो. व्यासच 13 पट केलात तर ठाण्याच्या वर्तुळाखाली मुंबई, रायगड सगळे झाकले जातील. साइझ असिस्टंटमध्ये स्केल मेथड 'सरफेस' ठेवा, आणि वर्तुळ आतून रिकामं, नुसती काळी कड, म्हणजे खालचा रंग दिसत राहतो.